चेहरा कोणाच्या वतीने?

माणसासारखे हावभाव करणाऱ्या रोबोचा विषय निघाला की आपल्याकडचं बोलणं हमखास एका वाक्याशी येऊन थांबतं: "पण त्याला भावना कुठे आहेत?" बोलणाऱ्याला आपण फार खोल काही बोललो असं वाटतं, ऐकणारे माना डोलावतात आणि चहा येतो. हे वाक्य चुकीचं नाही, पण उथळ आहे. रोबोला भावना नाहीत हे मान्य केलं, तरी त्याच्या हसण्याचं, कपाळावरच्या आठीचं, रडवेल्या तोंडाचं आपण काय करायचं, याबद्दल त्यातून काहीच हाती लागत नाही. ती मुद्रा समोरच्या माणसावर काम करायची ते करतच राहते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चेहऱ्यावरचा भाव म्हणजे आतल्या मालाचा बाहेर टांगलेला नमुना नव्हे. एका प्रसंगात, नेमक्या क्षणी, कोणाला तरी उद्देशून केलेला तो व्यवहार असतो, आणि तो पुरा होतो बघणाऱ्याच्या मनात. म्हणून यांत्रिक डोकं घडवताना 'हे खरं वाटतं का?' ही कसोटी दुय्यम ठरते. पहिली कसोटी ही, की हा चेहरा कोणाच्या वतीने बोलतो आहे आणि तो 'कोण' समोरच्याला दिसतो आहे का. हा प्रश्न ओसाकाचा किंवा न्यूयॉर्कचा वाटेल. पण 2020 साली तो कल्याणच्या एका रुग्णालयात चाकांवरून येऊन गेला, त्याकडे पुढे वळेन.

१. दोन पक्ष, चूक एकच

पहिला पक्ष 'आत काही नाही' म्हणणाऱ्यांचा. दुसरा उत्साही इंजिनिअरांचा. ते म्हणतात, जरा कळ काढा. आज गालात चार मोटरी आहेत, उद्या चाळीस बसवू, रबर आणखी मऊ करू, मग फरक ओळखून दाखवा. हे दोघे भांडतात, पण एका समजुतीवर दोघांचं एकमत आहे: चेहरा हा मनाचा आरसा. पहिला म्हणतो, मनच नाही तर आरसा खोटा. दुसरा म्हणतो, आरसा इतका लखलखीत करू की मनाची चौकशी कोणी करणार नाही.

30 डिसेंबर 2017 ला पवईच्या आयआयटीत टेकफेस्टसाठी हॅन्सन रोबोटिक्सची सोफिया आली. साडी नेसून आली, नमस्कार करून बोलली. दोनच महिन्यांपूर्वी सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व जाहीर केलेलं असल्याने गर्दीला तोटा नव्हता. मधेच एका प्रश्नावर ती गप्प झाली. तांत्रिक अडचण असल्याचं सांगण्यात आलं. 'आत काही नाही'वाल्यांच्या दृष्टीने तिथे पितळ उघडं पडलं. उत्साही मंडळींच्या दृष्टीने ती जोडणीची किरकोळ बाब होती. साडी कोणी निवडली, उत्तरं कोणी रचली, 'नमस्ते इंडिया' कोणाच्या सांगण्यावरून आलं, या चौकशीत दोन्ही पक्षांना रस नव्हता.

आरशाची ही कल्पना माणसांच्या बाबतीतही टिकत नाही. 2019 साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहरा आणि भावना यांवरच्या आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. रागावलेली माणसं रागाची ठरावीक, पाठ्यपुस्तकी मुद्रा करतात असं फार थोड्या वेळा आढळतं, साधारण 30 टक्के. आणि तीच मुद्रा राग नसतानाही केली जाते. सुई ओवताना आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्या सुईवरच्या रागाच्या नसतात.

२. मराठी चेहऱ्याची क्रियापदं

या बाबतीत आपली भाषा प्रयोगशाळेपेक्षा शहाणी आहे असं मला वाटत आलं आहे. चेहऱ्याविषयी मराठी काय बोलते ते पाहा. डोळे वटारले जातात ते कोणावर तरी. नाक मुरडलं जातं ते कशाला तरी. वाकुल्या कोणाला तरी दाखवल्या जातात. गाल फुगवून बसायचं, ते कोणीतरी समजूत काढायला यावं म्हणून. रिकाम्या खोलीत कोणी गाल फुगवत नाही. यातल्या एकाही प्रयोगात भावनेचं नाव नाही. आहे ती कृती, आणि ती ज्याच्याकडे रोखली आहे तो माणूस.

याच्या शेजारी पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसेन यांची 1978 ची पद्धत ठेवा. यांत्रिक चेहरा घडवणारे आजही तिचा आधार घेतात. त्यात चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक आहे. ओठांचे कोपरे वर गेले की 12. गाल उचलले जाऊन डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आल्या की 6. दोन्ही एकदम झाले तर हसू मनापासूनचं, हे निरीक्षण मुळात फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांचं, 1862 सालचं. पद्धत मोठ्या मेहनतीची आणि उपयोगाची आहे. नाक मुरडण्यालाही तिच्यात 9 हा आकडा आहे. कशाला मुरडलं, हा रकाना मात्र तिच्यात नाही.

मराठीत आणखी एक गट आहे: तोंड उतरणं, चेहरा पडणं, कानशिलं तापणं. ही आपण करत नाही, आपल्याकडून होतात, आणि दुसऱ्याला आपल्याआधी दिसतात. भरताच्या नाट्यशास्त्राने यांना वेगळं काढून आठ सात्त्विक भाव सांगितले: घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज बदलणं, रंग उडणं, खिळून जाणं, शुद्ध हरपणं. ताबा सुटलेलं शरीर जे सांगून टाकतं ते हे. रोबोच्या डोक्याची खरी हद्द इथे आहे. पहिल्या गटातली प्रत्येक गोष्ट ते करू शकेल, कारण ती करायची गोष्ट आहे. दुसऱ्या गटातली करून दाखवली की ती पहिल्या गटात जाते. ज्याने चेहरा कधी सावरून धरलाच नाही त्याचा पडणार कसा? (वीज गेली की मोटरी सैल सुटतात आणि रोबोचा चेहरा अक्षरशः पडतो, तेवढा अपवाद.)

भाव कोणाला उद्देशून असतो हे ज्याला पटत नसेल त्याने संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण गाडीत उभं राहावं. उभा असलेला डोंबिवलीकर बसलेल्याला एवढंच विचारतो: "कुठे?" बसलेला मोबाइलवरून नजर न काढता हनुवटी जराशी उचलून "ठाणा" म्हणतो. उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं ते कोणत्याही क्रमांकात बसणार नाही. ओठ हलत नाहीत, भुवया हलत नाहीत. खांदा तेवढा दोन इंच त्या सीटकडे सरकतो आणि शेजारच्या तिघांना कळतं की सौदा झाला. हे वाचायला भावनांचा कोश कामाचा नाही. मुलुंड गेलं की ठाणं येतं, एवढं माहीत असावं लागतं.

३. मोटरी कुठवर पोचतात

आता उत्साही पक्षाच्या कामाकडे, कारण ते काम खरोखर सुंदर आहे आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही.

माणसाच्या चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट त्वचेला जोडलेले असतात. हाडाला धरून सांधा हलवणाऱ्या दंडाच्या स्नायूसारखी त्यांची रचना नाही. म्हणून हसू हा सांध्याचा हिशोब नाही. चामडं कुठून ओढलं आणि त्याची घडी कुठे पडली याचा हिशोब आहे. यंत्रात तारा, दांडे, छोट्या मोटरी आणि वर सिलिकॉनसारखं मऊ आवरण असतं. आवरण जाड झालं तर सुरकुती पडत नाही आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. पातळ झालं तर ओढ लागून फाटतं. मोटरीचा 'किर्र' आवाज ही वेगळीच पंचाईत. शांत खोलीत आपलं हसू ऐकू येणारा माणूस कोणाला आवडेल?

ठाण्या-कल्याणातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही हा खेळ आता परका नाही. फ्रेंच शिल्पकार गाएल लांजव्हॅं यांनी 2012 मध्ये सुरू केलेल्या 'इनमूव्ह' प्रकल्पाचे आराखडे सर्वांना खुले आहेत. थ्रीडी प्रिंटर आणि नऊ ग्रॅम वजनाच्या छोट्या सर्व्हो मोटरी आणल्या की घरच्या टेबलावर डोळे फिरवणारं डोकं उभं राहतं. पवईच्या केंद्रीय विद्यालयातले संगणकाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी तर 2021 मध्ये पुठ्ठा, प्लॅस्टिक, लाकूड असं हाताला लागेल ते सामान वापरून 'शालू' नावाची बोलणारी रोबो बनवली.

टोकाचं काम सध्या कोलंबिया विद्यापीठात हॉड लिप्सन यांच्या प्रयोगशाळेत चालू आहे. 2024 मध्ये त्यांनी 'इमो' नावाचं डोकं जगासमोर आणलं. त्यात 26 मोटरी आहेत, बुबुळांत कॅमेरे आहेत आणि चुंबकांनी अडकवलेली सिलिकॉनची त्वचा आहे. त्याला आधी कॅमेऱ्यासमोर बसवून वाटेल तशी तोंडं वाकडी करू दिली. कोणती मोटर फिरली की तोंड कसं होतं हे ते त्यातून शिकलं, लहान मूल आरशासमोर शिकतं तसं. मग माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. आता समोरचा माणूस हसण्याच्या सुमारे 840 मिलिसेकंद आधी ते ओळखतं की हसू येतंय, आणि त्याच्याबरोबरच हसतं.

या संशोधनात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. आधीची डोकी समोरच्याचं हसू पूर्ण झाल्यावर हसायची आणि नक्कल वाटायची. इमोच्या ओठांचा आकार फारसा अधिक मानवी नाही. पण ते वेळेवर हसतं. तबलजी सम चुकला तर हात कितीही तयार असला तरी उपयोग नसतो. म्हणजे उत्साही पक्षाच्या सर्वोत्तम प्रयोगानेच त्यांच्या गृहीतकाला छेद दिला आहे: भाव गालात साठवलेला नव्हता, दोन चेहऱ्यांमधल्या तालात होता.

४. न हलणारा चेहरा

ताल आणि प्रसंग पुरेसे असतील तर मोटरीही लागू नयेत. लागत नाहीतच. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा होण्याआधी जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि तिथल्या आदिवासी पाड्यांवरचा बोहाडा हा याचा पुरावा. कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, रात्रीचा उजेड, संबळाचा ठेका. मुखवट्याची एक रेषही हलत नाही. सोंग घेणारा पाऊल कसं टाकतो, मान कुठे झटकतो, ठेका कुठे थांबतो, यावर तोच चेहरा उग्र होतो, दमतो, खदखदून हसतो. जपानच्या नो नाट्यात या कौशल्याचं शास्त्र झालं आहे: मुखवटा किंचित वर केला की तो उजळतो, किंचित खाली केला की झाकोळतो. लाकूड तेच, सावली बदलते.

गणपतीचे दिवस जवळ आले की कारखान्यात शेवटचं, जाणत्या हाताचं काम उरतं ते डोळ्यांच्या आखणीचं. पेणहून ठाणे-कल्याण-डोंबिवलीत येणाऱ्या मूर्तींत साचा एकच असला तरी गिऱ्हाईक एक मूर्ती सोडून दुसरी उचलतो आणि म्हणतो, "ही बघते आपल्याकडे." बाहुली पापणीला किती टेकली, काळ्यात पांढरा ठिपका कुठे पडला, यावर ते ठरतं. पुढे दीड दिवस किंवा दहा दिवस घरात त्या चेहऱ्याची कळा बदलत असल्याचं लोक सांगतात. विसर्जनाच्या दिवशी तो उदास दिसतो हे तर घरोघरी ऐकू येतं. यावर हसण्यात अर्थ नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने शंभर वर्षांपूर्वी नटाचा एकच निर्विकार चेहरा आधी सूपाच्या थाळीशी, मग शवपेटीशी जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांनी त्या चेहऱ्यात भूक आणि शोक दोन्ही पाहिले. आपल्याच ओट्यावर हा प्रयोग दरवर्षी होतो.

रसाची जागा शोधताना अभिनवगुप्ताने बोट ठेवलं ते सहृदय प्रेक्षकावर. नाट्यशास्त्राच्या मांडणीत चेहऱ्याची हालचाल हा अनुभावाचा एक तुकडा. त्याच्याआधी विभाव, म्हणजे कारण, माणसं, ऋतू, स्थळ, हे सगळं उभं असावं लागतं. सिलिकॉनची त्वचा या हिशोबात आहार्य अभिनयात मोडते: वेशभूषा, रंगभूषेच्या पंगतीत. आजची यांत्रिक डोकी बनवणारे रंगभूषेवर कोट्यवधी खर्च करतात आणि नाटक लिहायचं विसरतात.

५. कल्याणचा वॉर्ड, 2020

करोनाच्या पहिल्या लाटेत ठाण्याच्या प्रतीक तिरोडकर या तरुण इंजिनिअरने, डोंबिवलीतल्या आपल्या पीएनटी सोल्युशन्सतर्फे, 'कोरो-बॉट' बनवला. इंटरनेटवरून चालणारी ही चाकांची गाडी कल्याणच्या होली क्रॉस रुग्णालयात रुग्णांना जेवण, पाणी, औषधं नेऊन द्यायची आणि चार सूचनाही सांगायची, म्हणजे परिचारिकांना वारंवार आत जावं लागू नये. इमोसारखं डोकं तिला नव्हतं. त्याची गरजही नव्हती. प्रश्न जीव वाचवण्याचा होता.

पण त्या वॉर्डाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. माणसं होती त्यांचे चेहरे पीपीई किटात, मास्कमध्ये, वाफ धरलेल्या चष्म्यामागे. यंत्र होतं त्याला चेहरा नाही. खाटेवरच्या माणसाने बघायचं कोणाकडे? इथे उत्साही पक्ष लगेच हात वर करेल: पाहा, अशाच ठिकाणी हसरं डोकं हवं होतं. थांबा जरा. 2014-15 मध्ये इबोलाच्या साथीत मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकी कलाकार लायबेरियात गेल्या आणि त्यांनी एक साधं काम केलं: आरोग्य कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो छापून ते त्यांच्याच पोशाखावर छातीशी चिकटवले. फोटो हलत नव्हता. पाहणाऱ्याच्या हसण्याला प्रतिसाद देत नव्हता. इमोच्या मोजमापाने शून्य गुण. तरी तो चालला, कारण तो कोणाच्या वतीने आहे हे रुग्णाला माहीत होतं: याच पोशाखाच्या आतल्या बाईच्या.

आता त्याच वॉर्डात 26 मोटरींचं डोकं फिरत आहे असं समजा. ते रुग्णाकडे पाहून नेमक्या क्षणी, गालांना घडी पाडून हसतं. हे हसू कोणाचं? परिचारिकेचं नाही, तिला ते घडल्याचंही माहीत नाही. डॉक्टरांचं नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचं की दूरच्या कंपनीचं? छातीवरचा कागदी फोटो ज्या हिशोबाने सच्चा ठरतो त्याच हिशोबाने हे हसू बेवारस ठरतं, आणि यात 'भावना आहेत का' हा प्रश्न कुठे आलाच नाही.

६. अर्धवटराव आणि तात्या विंचू

मराठी माणसाला यांत्रिक डोक्याची ओळख सोफियाने करून दिली नाही, अर्धवटरावाने दिली. यशवंत केशव पाध्यांनी रंगमंचावर आणलेला आणि रामदास पाध्यांनी घराघरात पोचवलेला हा बाहुला आता शंभरीच्या पुढे आहे. जबडा, डोळे, मान: सगळं मिळून हालचाली बोटांवर मोजण्याइतक्या. गडकरी रंगायतनपासून डोंबिवलीच्या फुले कलामंदिरापर्यंत बोलक्या बाहुल्यांच्या खेळाला बसलेल्या लेकरांना आणि आजोबांना पूर्ण माहीत असतं की आवाज शेजारच्या गृहस्थांचा आहे. तरी अर्धवटरावाने त्या गृहस्थांकडे तिरकं पाहिलं की सभागृह कोसळतं. कोणी फसलेलं नाही, आणि भाव पुरेपूर पोचलेला आहे.

आता दुसरा बाहुला. 1993 च्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू. तोही रामदास पाध्यांच्याच हातचा. पण त्याला पाहून एका पिढीने रात्री पांघरूण डोक्यावरून घेतलं. फरक चेहऱ्याच्या बनावटीत शोधू नका. कथेतला लक्ष्या शब्दभ्रमकार आहे, आणि बाहुला बोलतो तेव्हा तो बोलत नसतो. भीतीचं मूळ तेवढंच: ओठ हलतायत, आणि हलवणारा शेजारी नाही.

मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने 1970 मध्ये सुचवलं की यंत्र माणसासारखं होत गेलं की ते आवडत जातं, मात्र फार जवळ पोचल्यावर एकदम शिसारी येते. ही 'दरी' आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण मोरींच्या त्याच आलेखात बुनराकूच्या बाहुल्या दरी ओलांडून पलीकडच्या चढावर वर बसलेल्या आहेत, हे कमी लोक सांगतात. बुनराकूत एकेक बाहुली तीन माणसं चालवतात आणि तिघंही मंचावर डोळ्यांसमोर असतात. मोरींनी त्याचं कारण प्रेक्षकाच्या रंगून जाण्यात शोधलं. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन: हलवणारा दिसतो म्हणून प्रेक्षक बिनघोर रंगू शकतो.

सोफिया, किंवा तिच्यानंतरची कुठलीही सफाईदार कन्या, या दोन बाहुल्यांपैकी कोणाच्या वळणावर घडवली जाते? ऑक्टोबर 2024 मध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात त्यांचे रोबो पाहुण्यांशी गप्पा मारत, पेयं देत हिंडले. दुरून माणसं त्यांना मदत करत होती हे नंतर चर्चेत आलं. म्हणजे शब्दभ्रमकार होता, फक्त पडद्याआड बसवला होता. ही सगळी हुशारी अर्धवटरावाला तात्या विंचू बनवण्यात खर्च होते आहे.

७. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: माणसंही खोटं हसतात. बँकेच्या काउंटरवरची, विमानातली, साडीच्या दुकानातली. आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांवर लिहिलेल्या पुस्तकात याला श्रम म्हटलं, भावनेचे श्रम. आक्षेप बरोबर आहे आणि माझ्या बाजूचा आहे. ती सेविका कंपनीच्या वतीने हसते हे तिच्या गणवेशावरून कळतं, आणि त्या हसण्याची किंमत तिच्या शरीरातून वसूल होते. म्हणून ते हसू अमर्याद असू शकत नाही. आठव्या तासाला ते सुटतं. यंत्राचं हसू थकत नाही, हाच त्यातला धोका.

दुसरा: नट रडतो तेव्हा तरी सूत्रधार कुठे दिसतो? दिसतो. तिसरी घंटा, पडदा, तिकिटाचा अर्धा तुकडा, हे सगळे सूत्रधारच आहेत. नाटक आपल्या दिवाणखान्यात, न सांगता, आपल्याशी सुरू झालं तर त्याला नाटक म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र अंगावर येणारा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. नौपाड्यात, डोंबिवलीच्या रामनगरात, कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींत एकेकटे वृद्ध आहेत. मुलं सॅन होजेला नाहीतर निदान पुण्याला. संध्याकाळी सातला दार वाजत नाही. अशा बाईंना एखाद्या डोक्याने "जेवलात का?" विचारलं आणि त्यांना बरं वाटलं, तर तुम्ही सूत्रधाराच्या गप्पा मारणारे कोण?

थोडं उत्तर जपानच्या पारोमध्ये आहे. ताकानोरी शिबाता यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी बनवलेला हा केसाळ यांत्रिक सील अनेक देशांत वापरला जातो. शिबातांनी आधी मांजर करून पाहिलं होतं. लोक त्याची तुलना खऱ्या मांजराशी करायचे आणि हिरमुसायचे. सील कोणी पाळलेला नसतो, म्हणून तुलना नाही. दिलासा द्यायला माणसाचा चेहरा लागतोच असं नाही, हे पारो दाखवून देतो. पण ज्या आजींना सूत्रधार दाखवला तरी पाच मिनिटांत विसरायला होतं, त्यांच्या बाबतीत माझी कसोटी लंगडी पडते हे कबूल करतो. तिथे 'दिसणं' त्यांच्यासाठी शक्य नसेल, तर निदान घरच्यांसाठी असावं: आज दिवसभरात आईशी कोण बोललं, कोणी लिहिलेलं बोललं, हे मुलाला दिसावं. त्याला ते बघवेल का, हा प्रश्न इंजिनिअरांचा नाही.

८. डोकं बनवायचंच असेल तर

बनेल, यात शंका नाही. मग ठाण्या-डोंबिवलीतल्या ज्या मुलांच्या टेबलावर ते बनेल त्यांना माझं सांगणं असं. गालांवर पैसे घालवू नका. मान आणि नजर आधी नीट करा. मान तिन्ही बाजूंनी वळली पाहिजे. आपल्याकडे 'हो', 'हं', 'बघू' आणि 'कळलं पण पटलं नाही' ही चारही उत्तरं एकाच डुलण्यात असतात, आणि नुसतं वरखाली-डावीकडेउजवीकडे फिरणारं डोकं त्यातलं एकही देऊ शकत नाही. ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याच्याकडे नजर गेली पाहिजे, आणि तीही टक लावून नको. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. डोक्याची मागची बाजू उघडी ठेवा, तारा दिसू द्या. बोहाड्यात मुखवट्याखाली सोंगाड्याचे पाय दिसतातच, त्याने काही बिघडत नाही.

दुरून माणूस बोलत असेल तर वेगळा दिवा लागावा. उत्तर ठाऊक नसेल तर चेहरा दगडी राहावा. विचारात पडल्याचं नाटक नको. यंत्राने रडू नये. आणि एक नियम मी कायद्यात घालायला सांगेन: चेहरा पाडून पैसे मागायचे नाहीत. वर्गणी संपली, रिचार्ज राहिला, हे कोऱ्या चेहऱ्याने सांगावं. युरोपच्या कायद्याने फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना वाचणारी यंत्रं वापरायला, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, मनाई केली. वाचणाऱ्या यंत्रावर इतकी नजर, तर दाखवणाऱ्यावर थोडी तरी असावी.

कल्याणच्या वॉर्डात पुढच्या खेपेला ती गाडी डोकं घेऊन आली, तर त्या डोक्याने काय करावं हेही मी ठरवून ठेवलं आहे. छातीवर त्या पाळीतल्या सिस्टरचा फोटो आणि नाव. औषधाचा ट्रे पुढे आला की डोक्याने रुग्णाकडे पाहावं, म्हणावं, "सिस्टर साडेचारला येतील." हसू नये. मग मान वळवून दाराकडे बघावं, एवढं सावकाश की खाटेवरचा माणूसही तिकडे बघेल.